डाव्या हाताचं वाक्य

विनेबा
१४ जानेवारी १९८८

प्रिय क्वान्सिमा मावशी,

तुझं पत्र काल शाळेच्या पत्त्यावर आलं. वाचलं आणि मधल्या सुट्टीत स्टाफरूममधून उठून मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. तू कापडवाल्या बायकांच्या मंडळाला सांगून टाकलंस की मे महिन्याच्या मेळाव्यात माझी भाची जादूचा कार्यक्रम करणार. मला विचारलंही नाहीस.

मावशी, कार्यक्रम अजून नाहीच. पाच-सहा करामती मला येतात, एवढंच. पण कापडाचं ठाण म्हणजे शिवलेला झगा नव्हे, हे तुला मी सांगायला नको.

मी ठरवलंय ते असं. आधी संहिता. पहिलं वाक्य कोणतं, ते बोलताना हात कुठे, लोकांचे डोळे कुठे, वस्तू कुणाकडून मागायची, ती बाई नाही म्हणाली तर काय बोलायचं, हे सगळं कागदावर हवं. मग तालमी, मग परक्या माणसांपुढे करून बघायचं, मग दुरुस्त्या. त्यानंतरच कुणाला तारीख द्यायची. आपल्याकडे फिरणारे जादूगार आधी तारीख घेतात आणि मग लॉरीत बसून काय करायचं ते ठरवतात. मला तसं करायचं नाही.

तू हसशील, पण मला यातून काही सिद्ध करायचं आहे. पुरुषाच्या हातून अचाट काही घडलं की लोक त्याला प्रोफेसर म्हणतात. बाईच्या हातून घडलं की चेटकीण. मला या दोन्हीपैकी काहीच व्हायचं नाही. विचार आणि सराव केला की बाईच्या हातांनीही माणसाला थक्क करता येतं, एवढं लोकांनी डोळ्यांनी पाहावं. माझ्या वर्गातल्या मुलींनी तर पाहावंच.

म्हणून हात जोडते, माझं नाव अजून कुठे छापू नकोस.

तुझी,
अराबा


ओकोदुम
२६ जानेवारी १९८८

अराबा,

आपल्या अख्ख्या घरात पदवी मिळवणारी तू पहिली, आणि तुला जादू करायलाही कागद लागतो. मी इतकी वर्षं कापड विकते. कुठल्या गिऱ्हाइकाला काय बोलायचं ते कधी लिहून ठेवलं होतं? तोंड दिलंय ना देवाने? ते उघडायचं.

मंडळाला मी जे बोलले ते बोलले. गेल्या वर्षी यांनी कुमासीहून एक प्रोफेसर आणला होता. त्याच्या टोपीतून कबूतर निघालं ते मेलेलं. तो म्हणाला, झोपलंय. मंडळातली आमची एस्सी पुढेच बसली होती, तिने विचारलं, "मग सूपमध्ये घातल्यावर उठेल का?" त्यानंतर तो जे काही करी त्यावर बायका नुसत्या हसत होत्या. यंदा त्या विचारत होत्या की कुणाला बोलवायचं, आणि माझ्या तोंडून तुझं नाव निघून गेलं. मग काय, नाव घेतलंच नाही म्हणू?

बरं, ईस्टरपर्यंत नाव छापत नाही. पण यंदा मेळाव्याला आपल्या गावच्या राजमाता येणार आहेत, पहिल्या रांगेत, छत्रीखाली. त्यांच्यापुढे कबूतर झोपता कामा नये.

तुझी आई मासे धुरावताना खोकते का अजून? तिला सांग, औषध पाठवलंय.

तुझी मावशी


विनेबा
२१ फेब्रुवारी १९८८

प्रिय मावशी,

तू लिहून ठेवत नाहीस, हे काही खरं नाही. "बाई, हा रंग जणू तुमच्यासाठीच विणलाय," हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतेय. त्याआधी तू एक सुस्कारा टाकतेस, आणि नंतर कापड परत घडी घालायला घेतेस म्हणजे गिऱ्हाईक हात धरतं. हीच संहिता, मावशी. तुझी पाठ आहे, माझी व्हायची आहे.

पण आज लिहायला बसले ते वेगळ्या कारणाने. काल पहिल्यांदा माणसांसमोर करून पाहिलं आणि सगळं फसलं.

मुख्य खेळ असा आहे: एका बाईची अंगठी मागून घ्यायची, रुमालात गुंडाळून तिच्याच शेजारणीच्या मुठीत द्यायची. मग रुमाल झटकला की अंगठी नाही. आणि ती निघते टोपलीतल्या, मक्याच्या पिठाच्या उकडलेल्या केंकीच्या गोळ्यात, केळीची पानं सोडून गोळा फोडला की मधोमध. मला वाटतं, आपल्या लोकांना टोपीतल्या सशापेक्षा हे जास्त आवडेल. ससा कुणाच्या घरात आहे? केंकी सगळ्यांच्या घरात आहे.

वसतिगृहाच्या ओटू बाई, दोन शिक्षिका आणि स्वयंपाकीण, एवढे प्रेक्षक होते. मी म्हणाले, "बाई, ती अंगठी क्षणभर मला द्याल?" आणि डावा हात पुढे केला.

पुढे काही घडलंच नाही. म्हणजे मी सगळं केलं, अंगठी केंकीत निघाली, पण पाहिलं कुणी नाही. ओटू बाईंनी हात असा मागे घेतला होता की जणू मी तापलेली कढई पुढे केली. शेवटी स्वयंपाकिणीने तिची अंगठी दिली, तीही टेबलावर ठेवून. नंतर ओटू बाईंनी विचारलं, "शिकलीस कुठे तू?"

मी म्हणाले, "केप कोस्टला."

"कॉलेज नाही विचारलं. शिकलीस का, ते विचारतेय."

मावशी, मला स्वतःचीच चीड आली. पोस्टाने मागवलेल्या पुस्तिकेत चित्रंच तशी आहेत: डाव्याने घ्या, उजव्याने रुमाल फिरवा. माझा तर मुळात डावाच हात चालतो, छड्या खाऊन लिहायला उजव्याने शिकले तरी. म्हणून मला ती पुस्तिका माझ्यासाठीच लिहिल्यासारखी वाटली. इतके महिने खोलीत एकटीने सराव केला. भिंतीवरच्या खिळ्यावरून अंगठी काढायची आणि आरशात बघायचं. खिळ्याला आणि आरशाला अपमान वाटत नाही. रोज डाव्या हाताने कुणाला साधं मीठही न देणारी मी, खेळ सुरू झाला की सगळं विसरले.

तरी तारीख नको म्हणत होते ते किती बरं, बघ. हेच राजमातांसमोर झालं असतं तर?

तुझी,
अराबा


ओकोदुम
३ मार्च १९८८

अराबा,

तुझं पत्र वाचून मी दुकानाची फळी ओढून घेतली आणि आत बसून राहिले. राजमातांपुढे डावा हात. त्यांचा शब्द त्यांचा प्रवक्ता, ओचामे, काठी टेकून सगळ्यांना ऐकवतो, आणि तो एक अक्षरही गाळत नाही. "क्वान्सिमाच्या घरची मुलगी" हे शब्द त्याने एकदा भर मेळाव्यात उच्चारले की बाजारात माझ्याकडून कोण कापड घेईल? गिऱ्हाईक जाईल ते जाईल, पण मेंढी घेऊन माफी मागायला मला जावं लागेल, तुला नाही.

यावर उपाय सोपा आहे. उजव्या हाताने कर. देवाने उजवा काय फक्त सूपात बुडवायला दिला?

नाही जमलं तर कळव. मंडळाला सांगेन की पोरीला ताप आला.

मावशी


विनेबा
१० एप्रिल १९८८

प्रिय मावशी,

एवढे दिवस पत्र नव्हतं, कारण कळवण्यासारखं काही घडत नव्हतं. उजव्या हाताने केलं. रोज केलं, पहाटे आणि शाळा सुटल्यावर. अंगठी पडायची. कधी मुठीतच अडकायची, कधी टोपलीच उलटायची. आई म्हणाली, "तुझा उजवा हात पाहुण्यासारखा वागतोय, घरचं काम त्याला सांगू नकोस."

मग मागच्या आठवड्यात एक लॉरीवाला फाटकाशी थांबला आणि त्याने अपामला जाणारा रस्ता विचारला. मी उजव्या हाताने दाखवला. दाखवताना डावा हात आपोआप पाठीमागे गेला, जसा आपल्या सगळ्यांचा जातो, मोठ्या माणसाशी बोलताना तर जातोच. लॉरीवाला रस्त्याकडे बघत होता. माझा डावा हात कुठे आहे याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. तो मागे आहे हे बघून उलट त्याला बरंच वाटलं असणार.

मी फाटकाशीच उभी राहिले. पुस्तिका लिहिणाऱ्यांच्या देशात जादूगाराने एक हात पाठीमागे ठेवला तर सगळे ओरडतील, मागे काय लपवलंस? आपल्याकडे म्हणतील, चांगल्या घरची आहे.

आता खेळ असा बसवलाय. उजव्या हाताने अंगठी घ्यायची, डावा आदराने मागे. मग कमरेचं कापड सैल झालं म्हणून उजव्या हाताने खोचून घ्यायचं. हे आपण बायका दिवसातून किती वेळा करतो, कोण बघतं? तिथे अंगठी डाव्याला मिळते, आणि उजवी मूठ रिकामीच रुमालाकडे जाते. शेजारणीच्या मुठीत लागते ती रुमालाच्या काठात शिवलेली दुसरी, म्हणून झटकल्यावर काही पडत नाही. डावा हात मागच्या टेबलावरच्या केंकीचं काम उरकतो. मग "अंगठी घट्ट धरा हं ताई," या वाक्याला सगळ्यांचे डोळे शेजारणीच्या मुठीवर. एकेका हालचालीला वाक्य बसलंय. ओटू बाईंपुढे पुन्हा केलं, वसतिगृहातल्या मुलीही दारातून बघत होत्या. ओटू बाईंनी स्वयंपाकिणीला विचारलं, "केंकी तूच केलीस ना? खरं सांग."

इथे पत्र संपायला हवं होतं. पण नंतर जे झालं ते तुला सांगायला हवं. तिसऱ्या फॉर्मच्या मुली संध्याकाळी माझ्या खोलीवर आल्या. एकीचं घड्याळ हरवलंय. तिचा संशय मान्सा नावाच्या मुलीवर आहे. त्यांनी मान्साचं नाव चिठ्ठीवर लिहून आणलं होतं आणि सोबत केंकीचा गोळा. म्हणाल्या, "मिस, तुम्ही फक्त विचारा. चोर ती असेल तर चिठ्ठी आत जाईल." मी म्हणाले, मला असलं काही येत नाही. तर त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. एक जण हळूच म्हणाली, "मिसना तिला वाचवायचं आहे. म्हणजे तीच."

माझ्या हातचलाखीने एका मुलीला चोर ठरवलं, मावशी. मी तिथल्या तिथे त्यांना डावा हात काढून दाखवला, सगळं उलगडून सांगितलं, कापड खोचण्यापासून. तेव्हा कुठे त्या वरमल्या आणि चिठ्ठी फाडली.

म्हणून संहितेला शेवटी एक वाक्य जोडलंय. अंगठी परत दिल्यावर डावा हात पुढे आणून, उघडा करून मी म्हणणार: "जे झालं ते या हाताने केलं." कसं केलं ते सांगणार नाही. पण हाताने केलं, एवढं सांगणार.

अराबा


ओकोदुम
१९ एप्रिल १९८८

अराबा,

खेळ चांगला आहे. मी स्वतः आरशापुढे कापड खोचून पाहिलं आणि मला माझाच हात दिसला नाही. मंडळाला सांगितलंय, नाव छापा.

पण ते शेवटचं वाक्य काढ. डावा हात चुकून पुढे आला तर माणूस समजून घेतो. तू तो मुद्दाम, उघडा करून, राजमातांच्या तोंडासमोर धरणार? मोठ्या माणसापुढे डाव्या हाताचं नुसतं नाव काढायचं झालं तरी आपण आधी क्षमा मागून सेबे म्हणतो. आणि लोकांना कळायलाच हवं असं का? त्यांना वाटू दे की जादू. टाळ्या घे, जेव, घरी जा. मुलींचं शाळेतलं भांडण शाळेत ठेव.

मी तुझ्याकडे कधी काही मागितलेलं नाही. एवढं एक वाक्य मागते.

मावशी


विनेबा
३० एप्रिल १९८८

प्रिय मावशी,

तू मागितलंस आणि मी नाही म्हणतेय, म्हणून चार दिवस पत्र लिहिलं नाही.

वाक्य काढलं तर खेळ जास्त चांगला होईल, हे मला कळतं. लोक गप्प होऊन घरी जातील. आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी चिठ्ठीवर एखादीचं नाव लिहून तुझ्या दुकानात येईल, "क्वान्सिमा, तुझ्या भाचीला विचार." तेव्हा ती मान्सा नसेल, पण कुणीतरी असेल. एखादी म्हातारी विधवा असेल. तेव्हा मी काय सांगू?

सेबे म्हणेन मी, ते विसरणार नाही. फक्त आधी हात, मग वाक्य, मग सेबे, असा क्रम लावलाय. हात अचानक दिसला तरच त्याचा धक्का बसतो. तालमीत उलटं करून पाहिलं, तर हात यायच्या आधीच जोर गेला.

तर माझं म्हणणं इतकंच. वाक्यासकट बोलावलंस तर येते. वाक्याशिवाय हवं असेल तर ताप आला म्हणून सांग, मला राग येणार नाही.

तुझी,
अराबा


ओकोदुम
६ मे १९८८

ये.

केंकी इथलीच वापर. विनेबाची आमच्याकडे कुणी खात नाही.

मावशी


विनेबा
३० मे १९८८

प्रिय मावशी,

तुला न भेटता निघाले याची मला लाज वाटते. पहिल्या लॉरीत जागा होती, मी चढले.

प्रयोग संहितेबरहुकूम झाला. अंगठी राजमातांनी स्वतःच्या बोटातली काढून दिली, हे मी लिहून ठेवलंच नव्हतं. मी त्यांच्या सेविकेची मागणार होते. पण वाक्यं जिभेवर होती, म्हणून चालत राहिले. केंकी फुटली तेव्हा बायका उठून उभ्या राहिल्या, ते तू पाहिलंस.

मग मी हात पुढे केला. वाक्य म्हणाले. सेबे म्हणेपर्यंत राजमाता उठल्या होत्या. छत्री त्यांच्यामागे हलली, ओचामेने काठी उचलली आणि एक शब्दही न बोलता ते निघून गेले. तू तुझ्या बाकावर मान खाली घालून बसली होतीस. मला तुझ्याकडे येववलं नाही.

वाक्याबद्दल मला पश्चात्ताप नाही, आणि हे तुझ्यापासून लपवत नाही. पण त्याची किंमत तू मोजणार आहेस. मेंढी न्यायची वेळ आली तर मी सोबत येईन. गुन्हा माझा आहे, तोंड मी दाखवेन. आणि यापुढे कुणाला माझी तारीख देऊ नकोस. मंडळाच्या बायकांना माझ्याकडून क्षमा सांग.

अराबा


ओकोदुम
९ जून १९८८

अराबा,

मान खाली घालून मी चप्पल शोधत होते. बाकाखाली गेली होती. राजमाता उठल्या म्हटल्यावर सगळ्यांनी उठायचं असतं आणि माझ्या एकाच पायात चप्पल. वर बघते तर तू नाहीस. लॉरी स्टँडपर्यंत धावले. शिकलेली माणसं इतक्या वेगाने पळतात हे मला माहीत नव्हतं.

आता नीट वाच. अपमान झाला असं वाटलं की राजमाता भर सभेत बोलत नाहीत. उठून जातात, विचार करतात आणि घरी बोलावतात. मंगळवारी मला बोलावणं आलं. मी मेंढीवाल्याशी बोलूनच गेले होते.

ओचामेने काठी टेकली आणि म्हणाला, "राजमाता विचारतात, तुमच्या घरात मुलांना सेबे आधी शिकवतात की नंतर?"

मी म्हणाले, आधी.

"तुमच्या मुलीने आधी हात दाखवला, मग क्षमा मागितली. क्षमा आधी मागितली असती तर हात पाहायला राजमातांची हरकत नव्हती. ज्याने काम केलं तो हात दाखवला, यात खोटं काही नाही. उशीर झाला. दंड उशिराचा आहे, हाताचा नाही. एक बाटली जिनची, मेंढी नको."

मी गुडघ्यांवर बसून आभार मानले. उठणार तेवढ्यात राजमाता स्वतःच पुढे वाकल्या. ओचामे गडबडला, कारण आता त्याने काय करायचं ते त्यालाच कळेना. त्यांनी हळूच मला विचारलं, "कापड खोचताना गेली ना ती?"

मी म्हणाले, मला माहीत नाही, मी कापड विकते.

"तिथेच गेली. सांगू नकोस हवं तर."

बाहेर त्यांच्या सेविकेने सांगितलं की मेळाव्यापासून राजमाता खोलीत एक हात मागे ठेवून कापड खोचत असतात. एकदा अंगठी सूपात पडली आणि सगळ्या सेविकांनी मिळून भांडं गाळलं.

आणि बाजारात जादूटोण्याचं कुणी नाव काढत नाही. वेळ कुणाला आहे? सगळ्या पोरी एक हात मागे धरून फिरतायत. केंकीवाली शिव्या घालते, तिचा प्रत्येक गोळा कुणीतरी टोचून ठेवतं. म्हणते, क्वान्सिमा, तुझ्या भाचीला सांग, माझं नुकसान तिने भरावं.

राजमातांचा निरोप असा: ऑगस्टमध्ये उत्सवाच्या आठवड्यात त्यांच्या अंगणात कार्यक्रम. फक्त त्यांची खुर्ची या वेळी तुझ्या मागच्या बाजूला असेल. शिवाय मंडळाकडे आणखी दोन गावांची विचारणा आहे. मी कुणाला काही बोलले नाही. तारीख द्यायची की नाही, हे आता तूच सांग.

मावशी


विनेबा
१८ जून १९८८

प्रिय मावशी,

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. सूपाच्या भांड्यापाशी तिला इतकं हसू आलं की खोकला आला.

मग संहिता काढून शेवटचं पान पुन्हा लिहिलं. आता असं आहे: "सेबे, राजमाता. सेबे, इथल्या सगळ्या मोठ्या माणसांनो." मग थांबायचं. मग हात. मग, "जे झालं ते याने केलं."

मी चुकीचं धरून बसले होते, मावशी. क्षमा आधी मागितली की जोर जातो, असं मला वाटायचं, कारण तालमीत मी सेबे घाईने उरकत होते. काल आईपुढे नीट म्हणून पाहिलं. मी "सेबे" म्हटलं आणि थांबले, तर आई मासे उलटायची थांबली. एवढं गंभीर तोंड करून ही कशाची क्षमा मागतेय, म्हणून बघत राहिली. हात येईपर्यंत तिने डोळे हलवले नाहीत. या वाक्याला लागणारी शांतता त्या एका शब्दात आधीपासूनच होती.

राजमाता मागे बसणार असतील तर टेबल हलवावं लागेल आणि केंकीचं काम आधीच्या वाक्यात उरकावं लागेल. जुलैभर त्याच तालमी करीन. बाटली मी घेऊन येते आणि ओचामेच्या हातात उजव्या हाताने देते.

उत्सवाची तारीख नक्की कर. दुसऱ्या दोन गावांनाही दे, सप्टेंबरच्या. फक्त तारीख देताना प्रत्येक गावाला सांग की शेवटी त्यांना एक हात दाखवला जाईल आणि तो कार्यक्रमाचाच भाग आहे. ज्यांना तो चालत नसेल, त्यांनी कुमासीचा प्रोफेसर बोलवावा.

तुझी,
अराबा